दर नंतर, आधी काटा: नव्या पायलटने नोकरीचा करार कसा वाचावा

दर वर्षी गणपतीला कराडला घरी आलो की एक-दोन पोरं कागद घेऊन येतातच. कधी पलूसचं असतं, कधी तासगावचं. गेल्या वर्षी एक मुलगी वाईहून वडिलांसोबत एसटीने आली. कागद म्हणजे विमान कंपनीचं ऑफर लेटर आणि त्याला जोडलेला पंचवीस-तीस पानांचा करार. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, पगार बरा आहे का?"

मी आधी वडिलांकडे वळतो. "आबा, कारखान्याला ऊस घालताना काय बघता?" दर तर सगळेच विचारतात. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. हातात काय पडणार ते मात्र उतारा किती निघाला, काट्यावर वजन किती भरलं आणि तोडणी-वाहतूक किती कापली यावर ठरतं. म्हणून जाणता शेतकरी दर ऐकून घेतो आणि काट्यापाशी जाऊन उभा राहतो. पायलटच्या करारात दर पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो. काटा एकोणिसाव्या पानावर, बारीक अक्षरात.

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आहे, २०० तास उडून झालेत, टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारच्या विमानाचं ट्रेनिंग) झालंय किंवा कंपनी करून देणार आहे, आणि सहीला आठ दिवस उरलेत, अशांसाठी हे लिहितोय.

पहिली पायरी: आपलं वजन ओळखा

कडू आहे, पण आधीच सांगतो. एकट्या नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, तासाचा दर वाढवून मिळत नाही. करार छापील असतो, अख्ख्या बॅचला एकच. "माझं बारावीला गणितात अमुक होतं" वगैरे सांगून एचआरपुढे काही हलत नाही. दर आणि कामाचे नियम बदलतात ते सगळे पायलट मिळून बसतात तेव्हा. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

एकट्याने मागून मिळण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत: रुजू होण्याची तारीख, बाँडची (मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरायची) रक्कम दर महिन्याला कमी होत जाण्याची अट, ट्रेनिंगमध्ये नापास झाल्यास काय होईल याचा लेखी खुलासा, आणि करारात मोघम असलेल्या शब्दांचा अर्थ. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी, कारण खुलासा मागणाऱ्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. फार तर उत्तर द्यायला टाळाटाळ करतात. त्या टाळाटाळीतूनही बरंच कळतं.

दुसरी पायरी: तास म्हणजे काय ते शोधा

पायलटचा तास घड्याळाचा नसतो. तो ब्लॉक अवर असतो. चाकांखालचे चॉक, म्हणजे अडसर, काढून विमान उडायला म्हणून हललं की सुरू, आणि दुसऱ्या टोकाला थांबून चॉक लागले की बंद. तुम्ही पहाटे तीनला उठलात, साडेचारला विमानतळावर हजर झालात, धुक्यामुळे दोन तास कॉकपिटच्या बाहेरच बसलात, तर यातलं काहीच ब्लॉकमध्ये येत नाही. मुंबई-दिल्ली-मुंबई करून घरी येईपर्यंत अकरा-बारा तास जातात आणि हिशेबाच्या वहीत साडेचारच्या आसपास पडतात.

म्हणून करार घेऊन बसताना एक पेन्सिल घ्या आणि पाच कामांपुढे खूण करत चला. विमानतळावरचा स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर उडायला तयार राहणं. घरचा स्टँडबाय. सिम्युलेटर. वर्गातलं ट्रेनिंग. आणि डेडहेडिंग, म्हणजे गणवेशात प्रवासी म्हणून बसून पुढच्या उड्डाणाच्या गावी जाणं. प्रत्येकाचे पैसे मिळतात का, कोणत्या दराने, आणि ते तास हमीच्या तासांत धरतात का? जिथे उत्तर सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह करा. ती प्रश्नचिन्हं शेवटी लागतील.

आता हमीचे तास. हा खरा काटा. बहुतेक करारांत महिन्याला काही तासांची हमी असते. तुम्ही तेवढे उडालात किंवा नाही, तेवढ्याचे पैसे मिळणार. त्यापुढचे वेगळे. हमी किती तासांची, यावर सगळं घर चालतं.

हिशेबापुरते दोन करार घेऊ. दर मी सोपे धरलेत. पहिल्यात तासाला २,००० रुपये आणि हमी ७० तासांची. दुसऱ्यात तासाला २,२०० रुपये आणि हमी ४० तासांची. नव्या पोराला दुसरा गोड लागतो, दोनशे जास्त आहेत ना. ८० तास उडालेल्या महिन्यात तो खरंच गोड असतो: १,६०,००० विरुद्ध १,७६,०००. ५५ तासांच्या महिन्यात पहिल्यात हमीचे १,४०,००० येतात, दुसऱ्यात १,२१,०००. आणि ३० तासांच्या महिन्यात, म्हणजे सर्दीने कान धरले, मेडिकलची तारीख पुढे गेली, विमानं दुरुस्तीला उभी राहिली अशा महिन्यात, पहिल्यात तेच १,४०,००० आणि दुसऱ्यात ८८,०००. असे तिन्ही प्रकारचे चार-चार महिने धरले तर वर्षाला पहिला करार २,२०,००० रुपयांनी पुढे. दर कमी असून. आणि बँकेचा हप्ता तुमचे तास बघून येत नाही.

हे कागदावरचं गणित म्हणून सोडू नका. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीची शंभराहून जास्त उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली, त्यामागे हाच मुद्दा होता. एअर इंडियात विलीन होताना पायलटांपुढे नवा करार आला आणि त्यात हमीचे तास ७० वरून ४० वर आले. सगळ्यात जास्त फटका फर्स्ट ऑफिसरांना बसणार होता. बाहेरच्या जगाला ती उशिरांची बातमी वाटली. आत भांडण काट्याचं होतं.

२०२० मध्ये कोविडच्या काळात विमानं उभी राहिली तेव्हा तर हमीवरही कात्री आली, बिनपगारी रजा आल्या. त्यामुळे "कंपनीच्या धोरणानुसार वेळोवेळी बदल" असं एखादं वाक्य हमीच्या कलमाशेजारी दिसलं तर पेन्सिलने दोनदा अधोरेखित करा. ती ओळ असेल तर ७० चा आकडा कधीही खाली येऊ शकतो.

तिसरी पायरी: बाँड, म्हणजे आपल्याकडची उचल

ऊसतोडीच्या टोळीला मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मग टोळी त्याची होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ट्रेनिंग बाँड त्याच घराण्यातला. कंपनी टाइप रेटिंगचा खर्च करते, किंवा करते असं दाखवते, आणि बदल्यात तुम्ही ठरलेली वर्षं सोडून जायचं नाही. गेलात तर रक्कम भरा.

बाँड बेकायदा असतो, कोर्टात टिकत नाही, असं कट्ट्यावर कोणीतरी सांगतंच. त्यावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ धंद्यावर बंदी घालणारे करार रद्द ठरवतं हे खरं, पण नोकरी चालू असतानाच्या बंधनांकडे न्यायालयं वेगळ्या नजरेने बघतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध धरला. कलम ७४ मात्र तुमच्या बाजूचं आहे. करारात आकडा कितीही मोठा लिहिला, तरी भरपाई वाजवी असली पाहिजे. म्हणून विचारायचं ते असं: खर्च नेमका किती झाला, त्याचं बिल दाखवाल का, आणि मी अर्धी मुदत भरली तर रक्कम अर्धी होते का? पूर्ण मुदतीच्या आदल्या दिवशीही पूर्ण रक्कम मागणारे बाँड मी पाहिलेत.

कोरे चेक देऊ नका. माझ्या पहिल्या कंपनीने माझ्याकडून सही केलेले, तारीख न टाकलेले तीन चेक घेतले होते, आणि मीही पेढे वाटायच्या घाईत देऊन टाकले. पुढे दोन वर्षं खात्यात किती शिल्लक आहे हे बघून झोपायचो. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं, तो फौजदारी मामला आहे. द्यावेच लागले तर रक्कम टाकून द्या, "अमुक बाँडपोटी सुरक्षा म्हणून" अशी लेखी पोच घ्या, आणि परत कधी मिळणार तेही त्यात लिहून घ्या.

वडील जामीनदार म्हणून सही करणार असतील तर हे सगळं त्यांना मराठीत समजावून सांगा. सातबारा त्यांचा आहे.

चौथी पायरी: कामाचे नियम

पोरं पगाराचं पान चारदा वाचतात आणि ड्युटीचं पान उलटून टाकतात. चाळिशी आली की उलटं होतं.

आपल्याकडे ड्युटी आणि विश्रांतीची किमान मर्यादा डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक, ठरवतं. त्याला एफडीटीएल म्हणतात. सात दिवसांत जास्तीत जास्त ३५ तास उड्डाण, ३६५ दिवसांत १,०००. ड्युटी संपल्यावर किमान १२ तास विश्रांती, आणि आधीची ड्युटी त्याहून लांब असेल तर तेवढी. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम आले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्र म्हणजे बारा ते पाच ऐवजी बारा ते सहा, आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांनी मुदत मागितली, पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी ते दोन टप्प्यांत लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ ला. डिसेंबरात काय झालं ते तुम्ही विमानतळांच्या फोटोंत पाहिलंच असेल. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

त्या गोंधळात एक छोटी गोष्ट घडली, ती करार वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा दाखवता येणार नाही, अशी एक सूचना होती. म्हणजे विश्रांती वेगळी, रजा वेगळी. ५ डिसेंबर २०२५ ला डीजीसीएने ती सूचनाच मागे घेतली. नियामकाची सूचना एका परिपत्रकाने येते आणि एका परिपत्रकाने जाते. तीच ओळ तुमच्या करारात असती, तर कंपनीला ती एकतर्फी पुसता आली नसती. म्हणून "एफडीटीएलनुसार" एवढंच लिहिलेलं कलम दिसलं की समजा, त्यात तुमच्या हक्काचं असं वेगळं काही नाही, सरकारचा किमान नियम आहे तोच पुन्हा छापलाय. चांगल्या करारात त्याच्या वर काहीतरी असतं: महिन्याला किती दिवस नक्की सुट्टी, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) किती दिवस आधी हातात, छापलेलं रोस्टर बदललं तर भत्ता किती, सुट्टीच्या दिवशी फोन उचलायचं बंधन आहे का.

बेसचं, म्हणजे तुमची ड्युटी जिथून सुरू होते त्या शहराचं, कलमही इथेच वाचा. आपल्या कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या कामासाठी झाली, आणि आजही तिथून प्रवासी विमान सुटत नाही. त्यामुळे घरून नोकरी हा विषयच नाही. पुणे मिळालं तर नशीब, नाहीतर मुंबई, दिल्ली, बंगळुरू. बेस कंपनी कधीही बदलू शकते का, बदलला तर घर हलवायचा खर्च कोणाचा, तात्पुरत्या बेसवर हॉटेल किती दिवस, हे बघा. लग्न ठरलेलं असेल तर हे कलम सोयरिकीच्या बैठकीतही वाचून दाखवायला हरकत नाही.

पाचवी पायरी: बाहेर पडायची दारं

२०१७ च्या डीजीसीएच्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि जुन्या कंपनीच्या एनओसीवर पुढची नोकरी अडते. २०२३ मध्ये अकासा एअर या कंपनीचे त्रेचाळीस पायलट नोटीस न भरता गेले आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात पोहोचली. नोटिशीच्या काळात हमीचे तास चालू राहतात की फक्त मूळ पगार, हे करारात शोधा.

मेडिकल बाद झालं तर काय, हेही शोधा. क्लास वन मेडिकल दर वर्षी द्यावं लागतं आणि ते नापास होणं म्हणजे पगार थांबणं. लॉस ऑफ लायसन्स विमा कंपनी देते का, किती रकमेचा, तात्पुरतं अनफिट असताना किती महिने पगार. नसेल तर स्वतः काढा, पहिल्या पगारातून.

सीनिऑरिटी रुजू तारखेने ठरते की ट्रेनिंग संपल्याच्या तारखेने, एवढं विचारून ठेवा. पुढे कमांड मिळताना, म्हणजे कॅप्टन होताना, त्या चार दिवसांचा फरक वर्षभराचा होतो.

सहावी पायरी: सगळे मिळून बसतात तेव्हा

अमेरिकेत ही गोष्ट फार पद्धतशीर चालते, म्हणून तिथलं थोडं सांगतो. १९२६ चा रेल्वे लेबर अॅक्ट १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला. त्याखालचा करार संपत नाही, फक्त दुरुस्तीला येतो. नवा होईपर्यंत जुना चालू. बोलणी अडली तर सरकारी मध्यस्थ मंडळ बसतं, त्याने हात टेकले की ३० दिवस थंड व्हायची मुदत, आणि त्यानंतरच संप. ही वाट इतकी लांब आहे की प्रत्यक्ष संप क्वचित होतो. पण तयारी दाखवावी लागते. डेल्टाच्या पायलटांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संपाच्या परवानगीसाठी मतदान घेतलं, ९९ टक्के हो म्हणाले, संप झाला नाही, आणि मार्च २०२३ मध्ये चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढीचा करार मंजूर झाला. पुढच्या काही महिन्यांत अमेरिकन आणि युनायटेडच्या पायलटांनीही मोठे करार पदरात पाडले. शेजारच्या कारखान्याने दर जाहीर केला की आपला चेअरमन किती दिवस गप्प बसू शकतो, तसंच.

आपल्याकडे वाट एवढी सरळ नव्हती. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या पायलटांनी संघटना काढली, दोघांना काढून टाकलं, आणि शेकडो जण एकदम आजारी पडले. पाच दिवसांत तडजोड झाली. २०१२ मध्ये एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्डचा संप ५८ दिवस चालला, ड्रीमलायनर विमानांच्या ट्रेनिंगवर कोणाचा हक्क यावरून. संघटनेची मान्यता गेली, शंभराच्या आसपास लोकांची नोकरी गेली, शेवट न्यायालयात झाला. दोन्ही प्रकरणांत राग तोच. माझ्या मते फरक मागणीत होता. पहिल्यांदा मागणी एका वाक्यात सांगता येत होती. दुसऱ्या वेळी प्रवाशांना ती कधी कळलीच नाही, आणि अर्ध्या पायलटांना ती आपली वाटली नाही.

आता कायदा बदललाय. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद, तीच कंपनीशी वाटाघाटी करणार. कोणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्क्यांच्या पाठिंब्यावर परिषद बनते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी. आणि अर्ध्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली तर तोही संपच धरला जाईल. पायलट हा कामगार की साहेब, हा वाद जुना आहे. जुन्या कायद्याखाली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला कामगार मानलंय. कंपनीच्या वकिलाचं मत वेगळं असू शकतं.

नव्याने रुजू झालेल्याने यात काय करायचं? प्रोबेशन संपेपर्यंत ऐकायचं, बोलायचं कमी. सभासद व्हायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर शूरपणा करायचा नाही, स्क्रीनशॉट चहा थंड व्हायच्या आत एचआरकडे पोहोचतात. स्वतःचं लॉगबुक मात्र काटेकोर ठेवायचं: रिपोर्टिंगची वेळ, चॉक्स ऑफ, चॉक्स ऑन, रोस्टर किती वेळा बदललं. वाटाघाटीला बसणाऱ्यांना भाषणं नको असतात, अशा वह्या हव्या असतात.

सातवी पायरी: प्रश्न पाठवा

पेन्सिलची प्रश्नचिन्हं आता बाहेर काढा. पाचपेक्षा जास्त नकोत. फोन करू नका, ईमेल करा. भाषा साधी: "कलम अमुकमध्ये घरच्या स्टँडबायचे तास हमीत धरले जातात का, कृपया कळवावे." तक्रारीचा सूर नको, नात्यातल्या कोणाची ओळख नको. उत्तर फोनवर आलं तर त्याच दिवशी "आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे" असं लिहून परत पाठवा. कराराच्या प्रत्येक पानाची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा, कंपनीच्या नव्हे.

वाईच्या त्या मुलीने चार प्रश्न पाठवले होते. तीन प्रश्नांचं उत्तर दोन दिवसांत आलं. चौथा बाँडचा होता, रक्कम महिन्यागणिक कमी होणार का. त्यावर फोन आला, "मॅडम, काळजी करू नका, पॉलिसीप्रमाणे होईल." तिने तेवढंच लिहून द्या म्हटलं. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी ईमेल आला: कमी होणार नाही, पूर्ण मुदतीपर्यंत पूर्ण रक्कम. वडील म्हणाले, राहू दे मग. तिने रात्रभर विचार केला, तीन वर्षांत काहीही झालं तरी सोडायचं नाही असा हिशेब मांडला, रक्कम वहीत कर्जाच्या रकान्यात लिहिली आणि सही केली.